सात बेटांची सफर, दरडोई बाराशे

बोर्ड भावेशने रंगवला. माझा पुतण्या,
थायलंडात कुठल्याशा पार्टीच्या बोटीवर
चार महिने ग्लास विसळून आला
आणि येताना धंद्याची अक्कल घेऊन आला.
"काका, मासळी सरली ना? मग माणसं पकडू."

सात बेटं कुठली रे, मी विचारलं.
मोजली तर तीनच निघाली:
एक बगळ्यांचं, एक तिवरांचं,
एक प्लास्टिकचं, दर उधाणाला वीतभर वाढणारं.
उरलेली चार, तो म्हणाला, ओहोटीला उगवतात.
खोटं नव्हतं ते.

शीड हवंच होतं त्याला, फोटोसाठी.
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा करून शिवला,
पांढरी बाजू बाहेर.

दिवाळ्याच्या जेटीवर नऊ जण आले,
पाठीला पोर बांधावं तशा सॅका बांधून.
ओइन नावाचा एक, उकडलेल्या चिंबोरीसारखा लाल,
मागदा, जिने चढण्याआधी होडीला हात लावला,
आणि अकोल्याचा निनाद,
ज्याने समुद्र फक्त गोव्यात, तोही खुर्चीतून पाहिलेला.
एक स्पीकर, दोन पेट्या बियर,
गळ्यात प्लास्टिकची जास्वंद.
मला संकष्टी होती.

सूर्य बुडेपर्यंत सगळं भावेशच्या बोर्डासारखं झालं.
नाचले. ओरडले. बगळे उठून गेले.
मी सांगत होतो, पाणी उतरतंय, फिरू या,
पण स्पीकरपुढे तांडेलाचं कोण ऐकतो,
आणि भावेश म्हणाला, अजून एक बेट, काका,
पैसे सातांचे घेतलेत.

मग खालून तो आवाज आला,
ओल्या कणकेत मूठ रुतावी तसा.
होडी बसली.

इंजिन मारलं, गाळ उडाला, ओइन काळा झाला.
बांबू टेकला, बांबू गेला.
निनाद म्हणाला, आता पाणी कधी येणार?
जसं टँकरला विचारतात.
बारा वाजता, मी म्हणालो.
त्याने मोबाइल पाहिला. सात वीस.

बाप म्हणायचा,
पानी रुसला का बसाचा. पानी आयला का निंगाचा.
याच्यापुढे त्याचं शास्त्र नव्हतं.

साडेआठला स्पीकर मेला.
तेव्हा त्यांना चिखल ऐकू आला.
फुट् फुट् फुट्, सगळीकडून,
निवट्या, खेकडे, बिळांतून सुटणारी हवा,
जणू कुणी मैलभर तांदूळ शिजत लावलाय.
कुणी बोललं नाही बराच वेळ.
उलव्याकडून एक विमान उठलं,
मागदाने त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

मला तिने विचारलं, हातांनीच, या बेटाचं नाव?
भावेशने भाषांतर केलं, गरज नव्हती.
नाही, मी म्हणालो. हे रोजचं नसतं.
पण माझी आई ज्या बेटावर खुबे वेचायची
त्याला नाव होतं. जुवेकरणीचा उंचवटा.
ते आता सेक्टर पंधरात आहे.
वर पार्किंग आहे, बाजूला दाताचा दवाखाना.
गेलो की मी पायाने चाचपून बघतो, डांबर खाली हलतं का.
भावेशने हे कितपत सांगितलं कोण जाणे,
ती मात्र कडेवरून वाकली
आणि कोपरापर्यंत हात गाळात घालून तशीच राहिली.

नवाच्या पुढे चंद्र आला, बरोबर शिडाच्या मागून,
आणि फ्लेक्स पेटला:
हात जोडलेला, उलटा, हसरा माणूस,
खाली उलट्या अक्षरांत शुभेच्छुकांची रांग.
आधी ओइन हसला, मग सगळी होडी.
मी त्याच माणसाच्या कपाळावरल्या चंद्राला हात जोडले
आणि निनादने पुढे केलेल्या वेफर्सवर
संकष्टी सोडली. मीठ जास्त होतं.

बाराला दहा कमी असताना पाणी आलं.
पोरं एकमेकांवर कलंडून झोपली होती.
होडी उचलली गेली ते माझ्या टाचांना कळलं, आणि कुणाला नाही.
इंजिन लावलं नाही मी लगेच.
तो माणूस हसत पुढे, वारा त्याच्या पोटात,
दिवाळ्याचे दिवे डावीकडे, हळूहळू.

सकाळी भावेश रंगाचा डबा घेऊन उभा.
पैसे परत मागतील का, काका?
बोर्ड पुसून टाकू?
मी जाळ्याची गाठ सोडवत होतो, वर पाहिलं नाही.
सात खोड, म्हटलं. आठ कर.